खांदा बसला म्हणजे बरा झाला का?

प्रश्न: डॉक्टर, आम्ही देवगडचे. भाऊ २२ वर्षांचा, आंबे काढताना पाय सटकला, फांदीला लोंबकळला आणि उजवा खांदा निखळला. गावातले एक काका ओढून बसवतो म्हणत होते, पण आम्ही दवाखान्यात नेलं. आता १२ दिवस झाले, दुखत नाही म्हणून पट्टा काढून रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढायला जायचं म्हणतोय. जाऊ दे का?

उत्तर: अजिबात नको! आणि काकांना नाही म्हणालात ते बेस्ट केलंत, कारण आधी एक्स-रे न काढता ओढलं आणि आत फ्रॅक्चर असलं किंवा नस दाबली गेली तर भलतंच होऊन बसतं. दुखणं थांबलं म्हणजे आतलं भरलं असं नसतं हो, खांद्याची वाटी मुळात उथळ, दंडाच्या हाडाचा गोळा बाहेर येताना तिची कड आणि लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारे चिवट पट्टे) फाटतात आणि ते सांधायला आठवडे लागतात. पट्टा साधारण २-३ आठवडे, तोही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच काढायचा, तोवर बोटं, मनगट, कोपर हलवत राहायचं नाहीतर ते आखडतात. मग फिजिओ, महिनोन्‌महिने, कंटाळा आला तरी. रापण, वल्हं, झाडावर चढणं, व्हॉलीबॉल हे सगळं ३-४ महिन्यांनी, ताकद परत आल्यावर. या वयात खांदा पुन्हा निखळायचा चान्स खूप असतो, आणि सारखा निखळायला लागला तर ऑपरेशनचा विचार करावा लागतो. हात वर नेऊन मागे वळवणं सध्या बंद, शर्ट घालतानासुद्धा दुखरा हात आधी. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधीर वाटतंय का विचारा, तसं असेल तर लगेच दाखवा.