जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर वडगावला दिसणारं महादजी शिंद्यांचं स्मारक नेमकं कशाचं? थांबून पाहण्यासारखं आहे का?

नक्की थांबा. पण त्याआधी एक सांगतो, ते स्मारक एकटं पाहू नका. 1779 च्या ज्या मराठे-इंग्रज लढाईचं ते आहे, ती लढाई वडगावला फक्त संपली. ती चालली याच रस्त्यानं, खोपोलीपासून तळेगावपर्यंत. त्यामुळे मुंबईहून येत असाल तर घाटापासूनच डोळे उघडे ठेवा.

1778 च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांची फौज रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवायला पुण्याकडे निघाली. सैनिक 3,900 च्या आसपास, त्यांतले गोरे थोडे, बाकी सगळे देशी शिपाई. शिवाय तोफा आणि सामान ओढायला हजारो बैल. कॅप्टन स्टुअर्टच्या तुकडीनं पुढं जाऊन बोरघाट ताब्यात घेतला, पण मुख्य फौज वर चढून आल्यावर जी रेंगाळली ती रेंगाळलीच. खंडाळ्याहून कार्ल्याला आपण गाडीनं वीस मिनिटांत जातो, त्यांना कित्येक दिवस लागले. मराठ्यांना हेच हवं होतं. समोरासमोर मोठी लढाई द्यायची नाही, आजूबाजूच्या डोंगरांतून छापे घालायचे, रसद तोडायची, चारा जाळायचा. 4 जानेवारी 1779 ला कार्ल्याजवळ तोफेच्या गोळ्यानं स्टुअर्ट पडला. हा माणूस इतका धाडसी होता की मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणून नाव दिलं.

9 जानेवारीला फौज तळेगावला पोहोचली, तर गाव जळालेलं. ना दाणा, ना वैरण. पुण्यात नाना फडणवीसांची तयारी तर अशी होती की वेळ पडली तर चिंचवड आणि खुद्द पुणंही जाळायचं, पण शत्रूच्या हाती काही लागू द्यायचं नाही. पुणं तिथून एक-दोन मजलांवर राहिलं होतं. तरीही इंग्रज कारभाऱ्यांचा धीर सुटला. 11 जानेवारीच्या रात्री त्यांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, दारूगोळा-सामान जाळलं आणि अंधारात मागं फिरले. मराठ्यांना लगेच सुगावा लागला. पिछाडीला कॅप्टन हार्टलेनं रात्रभर चिवट झुंज दिली, हे मान्य करावंच लागतं. पण वडगावला येईपर्यंत फौज चहूबाजूंनी वेढली गेली होती. वाटाघाटींत महादजी शिंदे पुढं होते. 16 जानेवारीला तह झाला: 1773 पासून घेतलेला सगळा मुलूख, मुंबईलगतच्या साष्टी बेटासकट, परत करायचा, रघुनाथरावांना हवाली करायचं, बंगालहून येणारी फौज माघारी पाठवायची आणि हे होईपर्यंत दोन इंग्रज ओलीस ठेवायचे.

स्मारक या विजयाचं आहे. मला मनापासून वाटतं की अशा ठिकाणी पुढची गोष्टही ठळक अक्षरांत लिहायला हवी. फौज सुखरूप मुंबईला पोहोचली आणि इंग्रजांनी तह धुडकावला. कलकत्त्याचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज, त्यानंही तो मानला नाही. युद्ध आणखी तीन वर्षं चाललं, 1782 मध्ये सालबाईचा तह झाला आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. शाळकरी मुलं तिथं फोटो काढतात तेव्हा त्यांना हेही कळावं. वडगावचा पराक्रम त्यानं तसूभरही कमी होत नाही. उलट, मैदानात जिंकलेलं कागदावर कसं निसटतं, ते याच मातीत उभं राहून समजतं.

स्मारक पाहून झालं की गावात इष्टुर फाकड्याच्या समाधीची चौकशी करा. चाल करून आलेल्या शत्रूची समाधी वडगावानं जपली आहे, आणि मावळाचा हा मोठेपणा मला विजयाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आणि येताना खोपोलीच्या वर, जुन्या घाटात, शिंग्रोबाचं देऊळ लागेल. त्याचा या लढाईशी संबंध नाही, पण थांबा. घाटाचा मार्ग इंग्रजांना सापडत नव्हता, तो शिंग्रोबा धनगरानं दाखवला आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी इकडची आख्यायिका. कागदोपत्री पुरावा मागू नका. पण जाता-येता ड्रायव्हर मंडळी तिथं नाणं टाकतात, हात जोडतात. ज्यांच्या नावाचा तहनाम्यात कधी उल्लेख होत नाही, त्यांची आठवण रस्त्यानं अशी ठेवली आहे.

द्रुतगती मार्गानं गेलात तर यातलं काहीच वाटेत लागणार नाही. खोपोलीपासून जुना रस्ता धरा, लोणावळा, कार्ला, कामशेत करत वडगाव. तळेगाव तिथून जवळच आहे, तेवढं पुढं जाऊन तळंही बघा.