बूटलोडर (बोर्ड चालू होताच सगळ्यांत आधी चालणारा प्रोग्राम) दोन-तीन सेकंदच चालतो, मग त्याच्या नेटवर्क ड्रायव्हरमधल्या मेमरी बगची एवढी भीती कशाला?

सेकंद मोजू नका, त्या सेकंदांत बोर्ड कोणाचं ऐकतो ते बघा. कुपवाड एमआयडीसीत आम्ही बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी कंट्रोलर बनवतो. त्यात बूटलोडर म्हणून यू-बूट वापरतो.

इथरनेट चिप डिस्क्रिप्टरमध्ये (आलेल्या प्रत्येक फ्रेमची मेमरीतली नोंद) लिहिते, 'एवढे बाइट आले'. त्यातून सीआरसीचे (फ्रेमच्या शेवटी असणारी चूक तपासायची बेरीज) 4 बाइट वजा करून ड्रायव्हर फ्रेम पुढे देतो. तिथे यूडीपी (पॅकेट पाठवण्याचा साधा प्रोटोकॉल) हेडरमधली लांबी वाचून हेडरचे 8 बाइट वजा होतात. पण पॅकेट पाठवणाऱ्याने लांबी 4 लिहिली असेल तर? अनसाइन्ड, म्हणजे ऋण संख्या न मावणाऱ्या, 32 बिटांत उत्तर येतं 4294967292, आणि एवढे बाइट कॉपी करायला सांगितले जातात. हे कल्पनेतलं नाही, 2019 साली यू-बूटमध्ये ह्याच जातीचे बग सापडले होते. म्हणजे साखर कारखान्यात ट्रॉली काट्यावर न चढवता ट्रॅक्टरवाला सांगेल ते वजन पावतीवर लिहिण्यातला प्रकार.

'आमची इमेज (बोर्डावर भरायची फर्मवेअरची फाइल) साइन केलेली आहे' हे उत्तर मला हमखास मिळतं. अहो, सही तपासायची ती इमेज पूर्ण आल्यावर. पॅकेट त्याच्या कितीतरी आधी उलगडलेलं असतं.

आता दुसरी बाजू. नेटवर्कची कमांड चाललीच नाही, तर यू-बूट पॅकेट उचलतच नाही. शिवाय असलं वेडंवाकडं पॅकेट पाठवणारा बहुधा त्याच स्विचवर बसलेला लागतो. त्यामुळे प्रत्येक बोर्ड धोक्यात आहे असं मी म्हणणार नाही. गोम आहे ती बूटकमांडमध्ये, म्हणजे यू-बूटने आपोआप काय चालवायचं त्या ओळीत. बऱ्याच बोर्डांच्या तयार सेटिंगमध्ये ईएमएमसीवरून (बोर्डावरची स्टोरेज चिप) बूट फसलं की गाडी आपोआप डीएचसीपी (नेटवर्कवरून पत्ता मागणं), पीएक्सईकडे (नेटवर्कवरून बूट करणं) वळते. तिथे जो आधी उत्तर देईल तो मालक!

फॅक्टरीत टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल आणायचा साधा प्रोटोकॉल) फर्मवेअर भरायला नेटवर्क लागतं, मान्य. त्यासाठी वेगळं बिल्ड ठेवा. गिऱ्हाइकाकडे जाणाऱ्या बिल्डमधून कॉन्फिग-नेट (यू-बूटमधला नेटवर्कचा सगळा कोड चालू-बंद करणारा पर्याय) काढूनच टाका, नुसती बूटकमांड बदलू नका. बूटकमांड ज्यात ठेवलेली असते ते एन्व्हायर्नमेंट (यू-बूटच्या सेटिंगची यादी) फ्लॅशमध्ये असतं, ते पुन्हा बदलता येतं.

ड्रायव्हर स्वतः लिहिला असेल तर वजाबाकीच्या आधी लांबी तपासा, खालची मर्यादाही आणि बफरची वरचीही. सँडबॉक्स बिल्डवर (यू-बूट साध्या कॉम्प्युटरवरच चालवायची सोय) ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) लावलात तर प्रोटोकॉलचा कोड तपासला जातो, तुमच्या चिपचा ड्रायव्हर नाही, कारण तिथे ती चिपच नसते. तो भाग डोळ्यांनीच वाचावा लागतो.

शेवटी ईएमएमसीवरची इमेज मुद्दाम बिघडवा, केबल लावा आणि वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) उघडून बोर्ड चालू करा. डीएचसीपीचं एकही पॅकेट बाहेर पडता कामा नये.