जोड्या कमी कशा कराव्यात?

प्रश्न : कबड्डी स्पर्धेत 12 संघ आहेत. प्रोग्राममध्ये एकात एक दोन लूप (यादीतून एकेक करत पुढे जाणाऱ्या आज्ञा) लावून सामने काढले, तर प्रत्येक सामना दोनदा येतो आणि संघ स्वतःशीच खेळतो!

तुमचा आतला लूप दर वेळी यादीच्या सुरुवातीपासून धावतोय. बाहेरचा लूप ज्या जागेवर आहे, तिच्या पुढच्या जागेपासून आतला सुरू करा. 144 ऐवजी 12 × 11 ÷ 2, म्हणजे 66 सामने मिळतील. आधी 144 करून मग नको ते गाळत बसू नका. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत इटरटूल्स या तयार मॉड्यूलमधलं कॉम्बिनेशन्स हेच काम करतं.

प्रश्न : कॉम्बिनेशन्स वापरूनही 1-2 ही जोडी दोनदा आली. यादी 1, 1, 2 आहे.

ते किंमत बघत नाही, जागा बघतं. 1-1 ही जोडी नको असेल, तर यादीचा आधीच सेट (प्रत्येक किंमत एकदाच ठेवणारा संग्रह) बनवा. ती हवी असेल, तर यादी सॉर्ट करा आणि तयार होणाऱ्या जोड्या सेटमध्ये टाका. सॉर्ट विसरलात, तर 1, 2, 1 अशा यादीत 1-2 आणि 2-1 वेगळ्या धरल्या जातात.

प्रश्न : एक लाख ग्राहकांत एकच माणूस दोन नावांनी नोंदलाय का, हे शोधायचं आहे. मेमरी संपून प्रोग्राम बंद पडतो.

जोड्या 4,99,99,50,000 होतात. एका जोडीला नुसते 16 बाइट धरले तरी 80 जीबी झाले! त्यामुळे जोड्या लिस्टमध्ये साठवू नका, एकेक घ्या, तपासा, सोडून द्या. मेमरीचा प्रश्न सुटेल, वेळेचा नाही. सेकंदाला एक लाख तुलना झाल्या तरी जवळजवळ 14 तास लागतील.

खरा उपाय आधीच्या पायरीवर आहे. ग्राहकांचे पिनकोडप्रमाणे गट पाडा आणि जोड्या गटातल्या गटातच लावा. समजा, 500 पिनकोड आणि प्रत्येकी 200 ग्राहक, तर जोड्या 99,50,000 उरतात. त्याच वेगाने दोन मिनिटांच्या आत काम होतं. कुलकर्णी आणि कुळकर्णी एकाच गटात सापडतील. मात्र पत्ता बदललेला माणूस निसटेल, म्हणून मोबाइल क्रमांकावरून गट पाडून दुसरी फेरी जरूर करा. ही फेरी टाळलेली मला पटत नाही.

प्रश्न : बेरीज 100 येणाऱ्या जोड्या हव्यात. संख्या वेगवेगळ्या आहेत, पण खूप आहेत.

मग सगळ्या जोड्या लावायच्याच कशाला? यादीतून एकदाच जा. 37 आला, की 63 आधी येऊन गेलाय का ते सेटमध्ये बघा, मग 37 सेटमध्ये टाका.