जपानची फुटबॉलपटू आया सामेशिमा नेटवर एवढी फेमस का आहे? खेळामुळे की दिसण्यामुळे?

दिसण्यामुळे. झालं, संपलं उत्तर. पण हा "खेळामुळे की दिसण्यामुळे" प्रकार मी घरातच २०११ पासून ऐकतेय, त्यामुळे आता वाचाच.

मी कोल्हापूरची, कॉलेजकडून लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूची डिफेंडर, खेळायचे. २०११ ची महिलांची जपान-अमेरिका वर्ल्ड कप फायनल आपल्याकडे रात्री सव्वाबाराला लागली होती, आजी झोपलेली म्हणून दादा आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून बघत होतो. दादा पेठेच्या टीममधला, म्हणजे फुटबॉल फक्त त्यालाच कळतो. पंधरा नंबर, म्हणजे सामेशिमा, दिसली की याचं सुरू, "ही देखणी आहे म्हणून घेतलीय." अरे बाबा, फायनलला लेफ्ट बॅक चेहरा बघून ठेवतात का? विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारी, अंगावर आली की घाईने पाय घालायचा नाही, तिला बाजूच्या लाइनकडे ढकलत न्यायचं, हे काम तासन्‌तास करायचं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण गोल झालेला नसतो.

त्याच वर्षी आमच्या मॅचचा फोटो लोकल पेपरात आला. मी गोललाइनवरून बॉल काढलेला, गुडघा सोलपटलेला, आणि खाली ओळ काय तर "मैदानावरचं सौंदर्य". दादाने तो कापून कपाटाला चिकटवला, वर मलाच म्हणतो खूश हो की!

सामेशिमाचे फोटो फिरवणाऱ्यांना तरी काय माहीत असतं? ती तेप्को मरीझेकडून खेळायची, म्हणजे वीज कंपनीची टीम. दिवसा फुकुशिमाच्या अणुप्रकल्पात ऑफिसची नोकरी, मग प्रॅक्टिस. मार्च २०११ मध्ये त्सुनामी आली, टीमच बंद पडली, जे-व्हिलेज या तिथल्या फुटबॉल केंद्राची ग्राउंडं अणुदुर्घटनेचं काम करणाऱ्यांचा तळ झाली. ती तिथून अमेरिकेत बोस्टनच्या टीमकडे गेली आणि जुलैत फ्रँकफर्टला त्याच अमेरिकेविरुद्ध फायनल खेळली, चार महिन्यांत हे सगळं. हे कुणी शेअर करत नाही, केस मोकळे सोडलेला फोटो मात्र करतात.

आता खरं सांगायचं तर त्या टीममधली सगळ्यात भारी डिफेंडर ती नव्हे, साकी कुमागाई. फायनल जपानने पेनल्टी शूटआउटवर जिंकली, त्यातली शेवटची पेनल्टी तिनेच मारली, पुढे फ्रान्सच्या लियॉन क्लबकडून पाच वेळा युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. आणि सामेशिमाचे केस पहिल्यांदा माझ्याही नजरेत भरले होते, खोटं कशाला बोलू.

तुम्ही एक करा, ती अख्खी मॅच काढा आणि बॉल सोडून फक्त पंधरा नंबर बघा. दादा, तू वाचत असशील तर तूपण बघ. एक्स्ट्रा टाइममध्ये तू घोरत होतास, ११७व्या मिनिटाला जपानची कॅप्टन सावाने कॉर्नरवर बरोबरी केली तेव्हा मी लाथ मारून उठवलं तुला, आणि सकाळी कट्ट्यावर सगळ्यांना मॅच समजावून सांगत कोण होतं?