एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) आणि अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये टाइमआउटचे, म्हणजे संघाने खेळ थोडा वेळ थांबवण्याचे, नियम वेगळे असतात का?

हो, बरेच. एनबीएत प्रत्येक संघाला सामन्यात 7 टाइमआउट, प्रत्येकी 75 सेकंदांचे. चौथ्या क्वार्टरमध्ये त्यातले जास्तीत जास्त 4 आणि शेवटच्या 3 मिनिटांत फक्त 2. खरी गंमत शेवटच्या 2 मिनिटांत: टाइमआउट घेतला की चेंडू थेट पुढच्या अर्ध्या कोर्टवरून खेळात आणता येतो. पुरुषांच्या कॉलेज सामन्यात ही सोय नाही. तिथे टीव्हीवर दिसणाऱ्या सामन्यांत जाहिरातींसाठी ठरलेले ब्रेक वेगळेच, त्यामुळे खेळ फार रेंगाळतो (माझं मत!).

शिल्लक नसताना टाइमआउट मागितला तर टेक्निकल फाउल, म्हणजे नियमभंगाची शिक्षा: प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो (बास्केटवर मोकळा फेक) मिळतो. 1993च्या एनसीएए (कॉलेज स्पर्धेच्या) फायनलमध्ये मिशिगनच्या ख्रिस वेबरने शेवटच्या 11 सेकंदांत नेमकं हेच केलं, आणि नॉर्थ कॅरोलायना 77-71 जिंकली.