कॉम्प्युटरचा ‘फुलफॉर्म’ फळ्यावर लिहायचा का?

चाळीसगावच्या ताईंनी विचारलंय की, ‘कॉमन ऑपरेटिंग मशीन पर्पजली युज्ड फॉर टेक्नॉलॉजिकल अँड एज्युकेशनल रिसर्च’ हा फुलफॉर्म आठवीच्या वर्गात शिकवायचा का? पोरं तो क्लासमधून पाठ करून येतात आणि भरतीच्या गाइडांतही तो छापलेला असतो.

ताई, नका शिकवू. कॉम्प्युटर हे लघुरूप नाहीच, तो साधा शब्द आहे. इंग्रजीत त्याचा सगळ्यात जुना सापडलेला वापर १६१३ सालचा आहे, आणि तिथं त्याचा अर्थ ‘हिशेब करणारा माणूस’. मशीनच नव्हतं, तेव्हा ‘ऑपरेटिंग मशीन’ कुठून येणार? हा फुलफॉर्म नंतर अक्षरं जुळवून बसवलेला आहे. म्हणूनच गाइड बदललं की त्यातले शब्दही बदलतात. एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरच्या नावातलं शेवटचं अक्षर कॉम्प्युटरचं आहे, हेही मुलांना दाखवा: इलेक्ट्रॉनिक न्यूमेरिकल इंटिग्रेटर अँड कॉम्प्युटर. लघुरूप ते, आणि कॉम्प्युटर हा त्यातला एक शब्द.

मूळ लॅटिन आहे. ‘कॉम्’ म्हणजे एकत्र, ‘पुतारे’ म्हणजे हिशेब करणं. या पुतारेचा जुना अर्थ साफ करणं, झाडाची छाटणी करणं असा होता. आपणही ‘हिशेब साफ केला’ म्हणतोच. त्यापासून कॉम्प्युट, आणि करणारा तो कॉम्प्युटर.

पुढची तीनशे वर्षं ही माणसाची नोकरी होती. जहाजांसाठी लागणारं ब्रिटिश नॉटिकल अल्मनॅक हे पंचांग १७६७ सालापासून निघू लागलं. त्यातली चंद्राची स्थानं काढणारे कॉम्प्युटर घरी बसून काम करत. तेच गणित दोघांना स्वतंत्रपणे दिलं जाई आणि तिसरा माणूस दोन्ही उत्तरं ताडून बघे. दोघांची चूक एकाच जागी होणं अवघड, म्हणून ही पद्धत. पण दोघांनी एकमेकांचं उतरवलं की ती कोलमडते. १७७० मध्ये तसंच घडलं, ताडणाऱ्याच्या ते लक्षात आलं आणि दोघांचीही नोकरी गेली.

भारतातलं मोठं नाव राधानाथ सिकदार. १८३१ साली ते देशाची मोजणी करणाऱ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात ‘कॉम्प्युटर’ या पदावर लागले. ‘पीक १५’ची उंची काढण्याच्या गणितात त्यांचा मोठा वाटा होता. १८५६ मध्ये ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली आणि शिखराला नाव मिळालं एव्हरेस्ट, सर्वेक्षणाच्या आधीच्या प्रमुखाचं. सिकदारांचं नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. ते पाठ करण्याच्या लायकीचं आहे.

मशीनला हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तुरळक लागू लागला. त्याआधी हिशेबाची यंत्रं आखणाऱ्या इंग्रज गणिती बॅबेजनं स्वतःच्या यंत्राला ‘एंजिन’ म्हटलं होतं. गणिती ॲलन ट्युरिंगच्या १९३६ च्या निबंधातसुद्धा कॉम्प्युटर म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन बसलेला माणूसच. १९४६ मध्ये एनिॲक जाहीर झालं. त्यावर काम करणाऱ्या पहिल्या सहा प्रोग्रामर बायका आधी तोफांच्या मारपल्ल्याची गणितं हातानं करणाऱ्या कॉम्प्युटर होत्या.

आता ‘संगणक’. ‘सम्’ म्हणजे एकत्र, ‘गण्’ म्हणजे मोजणं, ‘अक’ म्हणजे करणारा. लॅटिन शब्दाशी तुकड्याला तुकडा जुळतो. गणक हा शब्द तर फार जुना, अमरकोशात तो ज्योतिष्याला आहे. लीलावतीत वाऱ्यानं मोडलेल्या वेळूच्या गणितात भास्कराचार्य सोडवणाऱ्याला ‘गणक’ अशीच हाक मारतात: वेळू ३२ हात, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर मोडला किती उंचीवर? पायथागोरस लावा, १२ हात येतात. आणि हे आपल्या तालुक्याबाहेरचं नाही. पाटणादेवीच्या देवळातला १२०७ चा शिलालेख सांगतो की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथं मठ काढला. मठाच्या उत्पन्नाचा तपशील त्यात जुन्या मराठीत आहे, अगदी घाण्यामागे पळीभर तेल इथपर्यंत. सहल न्यायचीच असेल तर तिथं न्या.

वर्गात अर्थ पक्का करायला एक तास पुरतो. मुलांचे तीन गट करा. पहिल्या दोन गटांनी १ ते २० चे वर्ग गुणाकार न करता, फक्त बेरजेनं काढायचे: १ मध्ये ३ मिळवा, ४ आले, मग ५ मिळवा, ९ आले, मग ७. मिळवायचा आकडा दर वेळी २ नं वाढतो. बॅबेजच्या पहिल्या यंत्राचं तत्त्व हेच. तिसरा गट फक्त ताडून बघेल. शेवटचं उत्तर ४०० आलं पाहिजे. एखाद्या ओळीत बेरीज १ नं चुकली तर खालची सगळी उत्तरं १ नंच चुकतात. पण मिळवायचा आकडाच चुकीचा वाढवला, तर चूक ओळीगणिक वाढत जाते. फरक बघून चूक कुठल्या प्रकारची आणि कुठल्या ओळीत झाली, ते तिसऱ्या गटाला शोधू द्या. दोन्ही गट मात्र लांब बसवा.

परीक्षेत ‘फुलफॉर्म सांगा’ असा प्रश्न आणि चार पर्याय आलेच, तर मार्कासाठी गाइडमधल्या पर्यायावर खूण करायला हरकत नाही. ‘शब्दाचा उगम’ विचारला असेल, तर उत्तर लॅटिन ‘कॉम्पुतारे’.