शिफ्ट सुटल्यावर हाऊजी कोण खेळणार?

प्रश्न : आमचा चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. तीन शिफ्ट, प्रत्येकीत साठ माणसं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी 3 वाजता, पहिली शिफ्ट सुटल्यावर हाऊजी ठेवतो. बक्षिसं चांगली असूनही जेमतेम 15 जण थांबतात. काय चुकतंय?

उत्तर : वेळ. पहाटे उठून आलेला माणूस हाऊजीसाठी कंपनीची बस सोडेल कशाला? जेवणाच्या सुट्टीतही नको, ती त्याच्या हक्काची. खेळ शिफ्टमध्येच घ्या, 2.25 ते 2.50. साठ जणांची 25 मिनिटं म्हणजे 25 मनुष्य-तास. हा आकडा आठवडाभर आधीच प्रॉडक्शन मॅनेजरपुढे ठेवा आणि त्या दिवसाचं टार्गेट तेवढं कमी करून घ्या. नाहीतर डिस्पॅचची गाडी दारात लागली की निम्मी माणसं खेळातून उठवली जातात, आणि पुढच्या महिन्यात कुणी फिरकत नाही.

25 मिनिटं पुरतात. 60 तिकिटं असली तर पहिलं फुल हाऊस (तिकिटावरचे सगळे आकडे) बहुतेक वेळा 65 ते 75 आकड्यांच्या दरम्यान लागतं. आठ सेकंदांना एक आकडा पुकारला तर दहा मिनिटं, बाकीची तिकिटं तपासण्यात. पुकारणाऱ्याने ‘पाच-नऊ, एकोणसाठ’ असं फोडून सांगावं आणि आकडा फळ्यावर लिहावा. कॉम्प्रेसरच्या आवाजात एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात, भांडणं तिथेच होतात. परप्रांतीय कामगार असतील तर हिंदीतूनही पुकारा.

एक मोठं बक्षीस ठेवण्यापेक्षा सात लहान ठेवा : जल्दी पाच, चार कोपरे, तीन ओळी, दोन फुल हाऊस. डबा, थर्मास, छत्री असं घरी कामी येणारं द्या. कंपनीचा लोगो छापलेला मग कुणाला नको असतो. एकाच आकड्यावर दोघे ओरडले तर काय, हे सुरुवातीलाच जाहीर करा आणि दोन-तीन वस्तू जादा ठेवा. तिकिटाला पैसे घेऊ नका. कंत्राटी कामगारांनाही तिकीट द्या. शेजारच्या मशिनवरच्या माणसाला वगळलं तर करमणूक बाजूलाच, चीड तेवढी वाढते. तिसऱ्या शिफ्टलाही हाच खेळ, हीच बक्षिसं. रात्रपाळीच्या हातावर बिस्किटाचा पुडा टेकवण्यापेक्षा काहीच न केलेलं बरं.

प्रश्न : ऑफिसात 32 जण आहोत. बॉक्स क्रिकेट ठेवलं की तेच दहा-बारा पुरुष खेळतात, बाकीचे घरी जातात. सगळ्यांना जमेल असं काय?

उत्तर : कॅरम डबल्स. 16 जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवा. अकाउंट्सचा एक, सेल्सचा एक, अशा दोन डब्यांतून चिठ्ठ्या काढा, म्हणजे मित्र-मित्र एकत्र येत नाहीत. बाद फेरीत 15 सामने होतात. दोन बोर्ड मांडून चहाच्या वेळी रोज दोन सामने घेतले तर आठ दिवसांत फायनल. नेहमीचा 25 गुणांचा किंवा आठ बोर्डांचा (म्हणजे डावांचा) सामना एवढ्या वेळात बसत नाही, म्हणून एका डावावरच निकाल लावा. 15 मिनिटांत संपला नाही तर ज्यांच्या कमी सोंगट्या उरल्या ते विजयी. पावडर चिमूटभरच. भरपूर ओतली की स्ट्रायकर अडखळतो आणि शेजारच्या टेबलावरच्या फायली पांढऱ्या होतात. ज्यांना खेळायचं नाही त्यांना कारण न विचारता सोडा.

प्रश्न : खंडेनवमीला विभागवार मशिन सजावटीची स्पर्धा घ्यायची आहे. काळजी काय घ्यावी?

उत्तर : कल्पना उत्तम, कारण मशिनवर रोज उभा राहणाराच ती सजवतो. मात्र मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावल्याशिवाय कुणी हात लावू नये. झेंडूची माळ मशिनच्या गार्डला (संरक्षक आवरणाला) बांधा, स्पिंडलला (फिरत्या दांड्याला) किंवा बेल्टला नाही. रांगोळी मशिनपासून लांब, पॅसेजमध्ये काढा. ती स्लाइडवर (मशिनच्या सरकत्या भागावर) उडाली तर तेलात मिसळून घासत राहते. हळद-कुंकू सेन्सरच्या काचेला लागलं की दुसऱ्या दिवशी प्रेस चालूच होत नाही आणि मेंटेनन्सवाले वायरिंग तपासत बसतात. नारळ कंट्रोल पॅनेलजवळ फोडू नका. निकाल त्याच दिवशी जाहीर करा. परीक्षक शेजारच्या विभागातले कामगार असावेत, साहेब लोक नकोत. माळा काढायचं काम कुणाचं, तेही आधीच ठरवा, नाहीतर सुकलेला झेंडू कूलंटच्या (मशिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत पडून फिल्टर तुंबतो.